आपण चौघं

माझ्या नाकावर राग असतो, असं आमच्या छापखान्यात सगळे म्हणतात. म्हणू देत. एकतीस वर्षं मी तिथे प्रूफं तपासते. औषधाच्या बाटलीसोबत घडी घालून येतो तो कागद, बँकांचे अर्ज, शाळेची पुस्तकं, कुणाच्या तरी आजोबांची आत्मचरित्रं. एकदा एका औषधाच्या कागदावर पाच थेंबांचे पन्नास झाले होते. छपाई सुरू व्हायला दहा मिनिटं असताना मी ते पकडलं. मालकांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "ताई, तुमच्या नजरेतून मुंगी सुटायची नाही." मुंगी खरंच कधी सुटली नाही. हत्ती सुटला. त्याचीच ही गोष्ट आहे.

धाकट्याचा निरोप आला तेव्हा मी दुपारचा डबा उघडून बसले होते. धाकटा म्हणजे माझा भाऊ. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सातवीत होता. त्याच्या पुस्तकांना कव्हरं घालण्यापासून ते त्याच्या लग्नात पाहुण्यांना खुर्च्या मोजून देण्यापर्यंत सगळं मीच केलं. माझं लग्न राहिलं ते राहिलंच, त्याचं रडगाणं मी गात नाही. तर त्याचा निरोप मी वाचला तो असा: "ताई, सुट्टीत आपण चौघं परदेशात जायचं म्हणतोय. तुझं ते शहर. सात दिवस. तू प्लॅन करून दे ना, एजंट फार मागतोय."

चौघं म्हणजे धाकटा, भावजय, त्यांची मुलगी भुंगा आणि मी. बोटांवर मोजायचीही गरज नव्हती. भुंगा हे अर्थात तिचं खरं नाव नाही. पाळण्यात असल्यापासून काहीतरी गुणगुणत असायची, म्हणून मीच ते ठेवलं. आता सोळा वर्षांची आहे, तरी चालू असतं. मी डब्याचं झाकण लावलं आणि उपाशीच कामाला बसले. घास उतरेना. आनंदाने घास उतरत नाही हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

"तुझं ते शहर" असं तो का म्हणाला, तेही सांगते. सव्वीस वर्षांपूर्वी त्या शहराची माहिती देणारं जाडजूड पुस्तक आमच्याकडे छपाईला आलं होतं. तीनशे पानं. त्याची चार प्रूफं निघाली आणि चारही मी वाचली. म्हणजे त्या शहरात मी चारदा जाऊन आले आहे, दरवेळी लाल पेन घेऊन. कुठल्या पुलाच्या नावात ऱ्हस्व, कुठल्यात दीर्घ, भुयारी रेल्वेचा कुठला मार्ग कुठे वळतो, कुठलं संग्रहालय कुठल्या वारी बंद, सगळं मला पाठ. दोनशे बाराव्या पानावर एक फोटो होता. नदीकाठच्या रुंद दगडी पायऱ्या आणि त्यांवर बसलेली माणसं. ती माणसं काहीच करत नव्हती. मला त्या फोटोचं फार अप्रूप वाटलं होतं. आमच्या घरात काहीच न करता कुणी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, निदान बायकांना तरी.

मी कामाला लागले ती अशी, की मालकांना वाटलं मला नवं पुस्तक मिळालं. रोज सकाळी आधी तिकडच्या पैशाचा भाव बघायचा, वहीत लिहायचा, मग चष्मा पुसायचा. विमान आठवड्याच्या मधल्या वारी घेतलं तर किती वाचतात ते काढलं. शहराच्या मध्यावरचं हॉटेल सोडून दोन स्टेशनं अलीकडे घेतलं की भाडं निम्म्यावर येत होतं, आणि वर छोटी शेगडीसुद्धा मिळत होती, म्हणजे सकाळचं खाणं घरचं. भुयारी रेल्वेचा सात दिवसांचा पास सुट्या तिकिटांच्या मानाने चौथ्या दिवशीच वसूल होत होता. मोठ्या संग्रहालयात गुरुवारी संध्याकाळी फुकट सोडतात, म्हणून सगळा गुरुवार मी त्याच्याभोवती फिरवला. अडीअडचणीसाठी वेगळा रकाना. दिवसाला पंधरा हजार पावलं चालावं लागणार, तेव्हा बूट महिनाभर आधी घ्यावेत आणि घरात घालून मुरवावेत, हेही लिहिलं. फोनच्या रकान्यात लिहिलं: "तिकडून फोन करायचा नाही. पाच मिनिटांच्या बोलण्यात एका माणसाचं जेवण जातं. अडचण असेल तरच."

आणि साठीनंतरची सवलत! संग्रहालयं, बोट, उंच मनोरा, सगळीकडे साठीवरच्या माणसाला अर्धं तिकीट. म्हातारी झाल्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा फायदा होत होता. चौथ्या माणसाचा खर्च त्यामुळे इतका खाली आला, की ते वाचलेले पैसे मी भुंगाच्या नावाने एका रकान्यात टाकले. तिला तिथे काहीतरी घ्यावंसं वाटेल. दोन खोल्या धरल्या होत्या. एकीत ती दोघं, दुसरीत मी आणि भुंगा. खिडकीकडची खाट भुंगाला.

बँकेतली एक ठेव मुदतीआधी मोडली. पासपोर्ट काढला. खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला, "जुना पासपोर्ट जोडा." म्हटलं, "जुना नाही." तो म्हणाला, "हरवला का?" म्हटलं, "अहो, हरवायला आधी असावा लागतो." तो हसला. मीही हसले. त्या दिवसांत मी येताजाता हसत होते. आमची डीटीपीवाली, म्हणजे संगणकावर पानं लावणारी मुलगी, मला म्हणालीसुद्धा, "ताई, तुम्हाला बरं नाहीये का?"

तिकिटांसाठी धाकट्याने तीन पासपोर्टांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "चौथा मागाहून पाठवतो." मी कपाळावर हात मारून घेतला. लगेच फोन लावला. "अरे वेड्या, चौथा काय मागाहून पाठवतोस? चौथा माझ्या कपाटात आहे!"



"ऐकू येतंय ना?"

"हो हो," तो म्हणाला. "बरं. बरं, ताई. तिकिटांचं मी बघतो. तू बाकीचं पूर्ण कर."

मला वाटलं, घाईत असेल. दोन महिने मी तो प्लॅन घासूनपुसून लख्ख केला आणि झालेली पानं धाकट्याला फोनवर पाठवत गेले. भुंगाची परीक्षा होती, तिला फोन करायचा नाही अशी धाकट्याची ताकीद होती, म्हणून तिच्याशी काही बोलणं झालं नाही. एरवी तिनेच मला पहिल्या दिवशी जागं केलं असतं.

सगळं झाल्यावर सत्तावीस पानं छापून घेतली. मालकांनी कागदाचे पैसे घेतले नाहीत. डीटीपीवालीने वर स्प्रिंग लावून दिली. रविवारी दुपारी ती वही घेऊन मी धाकट्याकडे गेले. पायांत नवे बूट, मुरवायचे म्हणून. त्याच्या दाराशी तसलाच एक जोड काढून ठेवलेला होता. तीच कंपनी, तोच राखाडी रंग, फक्त एक नंबर लहान. मला वाटलं, भावजयेने माझं ऐकलं. बरं वाटलं. माझे बूट मी त्यांच्या शेजारी काढले.

आत भावजयेची बहीण बसली होती. बाई चांगली आहे, माझं तिच्याशी काही वाकडं नाही. मला बघून उठली आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. "ताई, काय प्लॅन केलाय हो तुम्ही! भाऊजींनी अर्धा दाखवला मला. मी तर कालपासून बूट घालून घरभर फिरतेय. आम्ही चौघं अगदी जसाच्या तसा पाळणार बघा!"

भावजय चहाचं बघायला म्हणून उठली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. धाकटा टीपॉयवरचं पेन उघडत होता आणि बंद करत होता.

"आम्ही चौघं म्हणजे?" मी विचारलं.

बहिणीने एकदा माझ्याकडे, एकदा धाकट्याकडे पाहिलं. तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. "म्हणजे... हे तिघं आणि मी," ती म्हणाली.

"ताई, ऐक ना," धाकटा म्हणाला.

"ऐकते. आधी तू ऐक." मी पर्समधून फोन काढला. अंगाचा तिळपापड झाला होता. "तूच लिहिलंयस. हे बघ. मोठ्याने वाचते. ताई, सुट्टीत..."

पण तिथे लिहिलं होतं, "आम्ही चौघं".

मी चष्मा काढून पुसला. परत घातला. आम्ही. आ, म्ही. एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. दोन महिने तो निरोप माझ्या फोनमध्ये तसाच पडून होता आणि मी तो निदान पन्नास वेळा वाचला होता. नव्या मुलींना शिकवायला बसले की मी पहिल्याच दिवशी सांगते, बाई गं, डोळा लबाड असतो, समोर काय आहे ते वाचत नाही, काय असायला हवं ते वाचतो. प्रत्येक अक्षरावर बोट ठेव. मी बोट ठेवलं नव्हतं. भावाच्या निरोपावर कोण बोट ठेवतं? आपण म्हटलं की ऐकणारा घरात, आम्ही म्हटलं की ऐकणारा दाराबाहेर. एवढाच फरक, पहिलीतल्या पोराला कळतो. आणि पुढे स्वच्छ लिहिलेलं होतं, प्लॅन "करून दे". करून दे! शिंप्याला सांगावं तसं.

चूक माझी होती. ते मान्य करणं मला जड गेलं नाही, माझा धंदाच तो आहे. पण मग दुसरी गोष्ट आठवली.

"मी पासपोर्टचं बोलले, त्या दिवशी तुला कळलं ना?"

धाकटा पेनाकडे बघत राहिला.

"कळलं का नाही?"

"कळलं."

"मग दोन महिने काय झोपला होतास?"

"तू इतकी खूश होतीस, ताई. म्हटलं, सांगू सावकाश."

आणि दारातून भावजय म्हणाली, "आणि प्लॅनही अर्धाच झाला होता तेव्हा." ती काही वाईट हेतूने म्हणाली नसेल. काहीतरी बोलावं म्हणून बोलली असेल. पण बोलल्यावर तिलाच चटका बसल्यासारखी आत पळाली.

म्हणजे माझ्या भावाने मला ठेव मोडू दिली, बूट घेऊ दिले, रोज सकाळी पैशाचे भाव टिपू दिले, कारण प्लॅन अर्धा झाला होता. त्याला मी नको होते असंही नाही. त्याच्या मनात माझा विचारच आला नव्हता. नको असण्यात निदान माणूस आधी डोक्यात यावा लागतो. मला इतकं वाईट वाटलं, की रडूसुद्धा आलं नाही.

"अजून एक सीट मिळते का बघू का?" तो म्हणाला. "तशी खोली..."

"नको." मी वही परत पिशवीत घातली. "यात चुका राहिल्यात. सुधारून देते."

बाहेर आले तर दोन जोड शेजारी शेजारी. घाईत मी भावजयेच्या बहिणीचाच डावा बूट पायात घातला आणि बोटं आवळली तेव्हा कळलं.

डीटीपीवाली म्हणाली, "द्या फेकून त्यांच्या तोंडावर, एक गाडी चुकीची लिहा, बसतील बोंबलत." मला मोह झाला नाही असं नाही. गुरुवारचा बुधवार करायला किती वेळ लागतो? पण माझ्या हातून चुकीचं पान गेलेलं नाही आणि ह्यांच्यासाठी मी माझा हात बिघडवणार नव्हते. त्यात भुंगाही होती.

त्या वहीत सगळीकडे "आपण" होतं. आपण साडेआठला निघू. आपण इथे गाडी बदलू. डीटीपीवालीने संगणकाला सांगून एका फटक्यात सगळ्या आपणचं तुम्ही करून दाखवलं, तर "तुम्ही निघू", "तुम्ही बदलू" असलं काहीतरी भलतंच तयार झालं. आपली भाषा अशी फसत नाही. माणूस बदलला की क्रियापदही बदलावं लागतं. ते सगळं मागे फिरवलं आणि मी एकेक आपण शोधून हाताने दुरुस्त केला. एकशे त्रेचाळीस ठिकाणी. तुम्ही निघा. तुम्ही बदला. दर वेळी स्वतःला एकेका स्टेशनवर उतरवत गेले. मग हिशेब. चौथं माणूस आता चव्वेचाळीस वर्षांचं, म्हणजे सवलत गेली. भुंगाच्या नावाचा रकाना त्यात बुडाला. तो मी शून्य केला तेव्हा मात्र डोळ्यांना धार लागली. डीटीपीवाली पाणी आणायला गेली आणि मुद्दाम उशिरा आली.

वही मी माणसाच्या हाती पाठवली. ते गेले. निघताना धाकट्याचा "ताई, येतो गं" असा निरोप आला. मी त्यातलं प्रत्येक अक्षर बोट ठेवून वाचलं आणि उत्तर दिलं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी, मी एका गणिताच्या पुस्तकावर बसले होते, तेव्हा फोन वाजला. लांबलचक परका नंबर. मागे पाण्याचा आवाज, माणसांची गलबल.

"आत्या, मी भुंगा. आत्या, तू लिहिलेल्या पायऱ्यांवर बसलेय. कसलं भारी आहे गं! बाबा इथेच आहेत, आई आणि मावशी दुकानात गेल्यात."

"बूट चावले नाहीत ना?"

"नाही. आत्या, ऐक, एक विचारायचं होतं. सहाव्या दिवसाच्या खर्चाच्या रकान्यात शेवटी बारीक अक्षरांत तू लिहिलंयस, 'नदीच्या पायऱ्यांवर जरा बसू या, मी आणि भुंगा. बाकीच्यांनी दुकानं बघावीत. खर्च नाही.' यातली मी म्हणजे कोण?"

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. मी सगळे आपण शोधले होते. या ओळीत आपण नव्हताच. तो "बसू या"मध्ये लपून बसला होता.

"छपाईतली चूक आहे, बाळा," मी म्हटलं. धाकट्याची चूक झाकायची म्हटलं की मला अजूनही विचार करावा लागत नाही. "खोडून टाक."

तिचं गुणगुणणं थांबलं.

"आत्या, तू येणार होतीस?"

मी खाली वाकून पेन उचललं.

"पण बाबा म्हणाले, तूच नको म्हणालीस. गुडघे फार दुखतात म्हणून. आणि तुझ्याकडे विषय काढायचा नाही, तुला वाईट वाटतं."

माझे गुडघे! छापखान्याचा जिना मी दिवसातून चार वेळा चढते. आमचा मशीनवाला, तिशीतला गडी, तो माझ्या मागे राहून धापा टाकतो. विसरणं मी समजू शकले असते. मुकाट्याने काम करून घेणंही गिळलं होतं. पण माझं नसलेलं दुखणं माझ्याच भुंगाला विकायचं? जिच्यासाठी मी खिडकीकडची खाट ठेवली होती तिला?

"भुंगा," मी म्हटलं, "फोन स्पीकरवर टाक आणि बाबांच्या तोंडासमोर धर."

खडखड झाली. मग धाकट्याचा आवाज. "ताई? काय गं, सगळं ठीक ना? अगं, इथून फोन फार..."

"तुझ्या मुलीने काहीतरी विचारलंय. मला यायचं होतं का नव्हतं, आणि माझे गुडघे कधीपासून दुखतात. ते तू सांग तिला. खरं सांग, एकेक शब्द नीट सांग. मी इथे प्रूफ तपासायला बसलेय."

"ताई, आपण घरी आल्यावर बोलू ना."

"आपण?" मी म्हटलं. "कोण आपण?"

तिकडे नदीचं पाणी पायऱ्यांवर आपटत होतं. कुणीतरी परक्या भाषेत हसलं. "बाबा," भुंगा म्हणाली, "सांगा ना." मी फोन कानाला घट्ट धरून बसले. मिनिटं पळत होती. तिकडून फोन महाग पडतो, हे मीच बजेटमध्ये लिहिलं होतं. पडू दे.